मृगाच्या तोंडावर नवरंग : अंजनेरी, हरसूल, बोरगड

मृग जवळ आला की नाशिकच्या पश्चिमेकडच्या जंगलात नवरंग बोलू लागतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून हा पक्षी मे संपता संपता आपल्याकडे येतो आणि वळवाने जमीन भिजली की विणीच्या तयारीला लागतो. त्र्यंबक, हरसूल, पेठ, सुरगाणा या पट्ट्यात जिथे दाट सावलीचे ओहोळ शिल्लक आहेत तिथे कान देऊन उभं राहिलं तर तो ऐकू येतोच. तरी जन्म नाशकात गेलेली आणि नवरंग एकदाही न पाहिलेली माणसं मला सारखी भेटतात, आणि दरवेळी मनापासून वाईट वाटतं.

या वेळी सोबत पुण्याचा भाचा होता. आता नववीत जाईल. वाढदिवसाला त्याला दुर्बीण मिळाली तेव्हापासून फोनवर एकच धोशा, "मावशी, मला नवरंग दाखव." दिवाळीच्या सुट्टीत येतो म्हणत होता. त्याला सांगितलं, दिवाळीत तो इथे नसतो, शाळा उघडायच्या आधी ये. पोरगा आला तो सगळं वर्णन पाठ करूनच. पाठ हिरवी, खांद्यावर चमकता निळा डाग, शेपटी आखूड आणि टोकाला निळी, गळा पांढरा, पोट बदामी, पोटाखाली आणि शेपटीखाली लालभडक. डोक्यावर मधोमध काळी रेघ, दोन्ही बाजूंना बदामी पट्टे, आणि चोचीपासून डोळ्यावरून थेट मानेपर्यंत गेलेली रुंद काळी पट्टी, तिच्यावर बारीक पांढरी भुवई. नर-मादी दिसायला सारखेच. एकही चूक नव्हती.

पण हे वर्णन पुस्तकातल्या उजेडातलं. नवरंग राहतो जंगलाच्या तळाशी, जिथे जून महिन्यात सकाळी सातलासुद्धा वाचता येणार नाही इतका अंधार असतो. तिथे हिरवी पाठ पानांत मिसळते, बदामी पोट वाळक्या पाल्यात मिसळतं, आणि तो पाठमोरा उभा असेल तर लाल रंग दिसतच नाही. म्हणून भाच्याला गाडीत बसतानाच सांगून ठेवलं की रंग शेवटी बघायचे. आधी कान, मग हालचाल.

शनिवार : अंजनेरी

सिंहस्थाच्या तयारीची कामं चालू असल्याने त्र्यंबक रस्ता जागोजागी उकरलेला. धुळीतून अंजनेरी गावात पोचेपर्यंत नऊ वाजून गेले. गावातल्या टपरीवर चहा आणि गरम भजी खाल्ली. चहावाल्या मावशींनी आपणहून विचारलं, "गडावर का पाखरं बघायला?" भाच्याच्या गळ्यातली दुर्बीण त्यांनी आधीच हेरली होती. "वर ऊन लागंल, पाणी न्या," म्हणाल्या आणि आमच्या बाटल्या माठातल्या पाण्याने भरून दिल्या.

अंजनेरीला लोक येतात ते हनुमानाचं जन्मस्थान म्हणून. शनिवार असल्याने पायऱ्यांवर गर्दी होती. २०१७ साली हा डोंगर संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला, त्यामागे इथली दुर्मिळ झाडंझुडपं आणि कड्यावरची गिधाडं ही मोठी कारणं. गिधाडं आम्हाला दिसली. काळ्या कातळावर पांढऱ्या विष्ठेचे ओघळ आले असतील तिथे दुर्बीण लावायची, कारण तिथेच त्यांच्या बसायच्या आणि घरट्यांच्या कपारी असतात. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावरांच्या मांसातून पोटात गेलं आणि आपल्याकडची गिधाडं जवळजवळ संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण गेलेली संख्या अजून भरून निघालेली नाही. कड्यावरून एक गिधाड पंख न हलवता आमच्या डोक्यावरून निघून गेलं तेव्हा पायऱ्या चढणारी माणसंही थांबून वर बघत होती.

आमचं खरं काम मात्र खाली होतं. गर्दीची वाट सोडून पायथ्याच्या झाडीतल्या कोरड्या नाल्याकडे वळलो. आंबा, जांभूळ, उंबर, मध्ये मध्ये करवंदाच्या जाळ्या. करवंदं संपत आलेली, पण जी होती ती साखरेसारखी गोड. नाल्यात शिरताच भाच्याने माझा दंड घट्ट धरला. "मावशी, नवरंग!"

पाल्यात एक पक्षी टुणटुण उड्या मारत होता, पानं उलटीपालटी करत होता. डोकं आणि पोट नारिंगी, पाठ निळसर राखाडी. तो नारिंगी डोक्याचा कस्तूर होता. नवरंगाच्या शोधात निघालेल्या बहुतेकांना आधी हाच भेटतो, कारण दोघांची जागा एक, खाणं एक आणि पानं उलटायची सवयही एक. मी भाच्याला म्हटलं, "चेहरा बघ. डोळ्याजवळच्या पट्ट्या उभ्या आहेत का आडव्या?"

"उभ्या. दोन."

"मग कस्तूर. नवरंगाची पट्टी आडवी असते आणि एकच असते."

आमच्या भागातल्या कस्तुराचा गाल पांढरा आणि त्यावर दोन गडद उभ्या रेघा असतात. शिवाय त्याची शेपटी नीट लांब असते. नवरंगाला शेपटी जवळजवळ नसल्यासारखीच, पाय मात्र लांब आणि दणकट, त्यामुळे तो ताठ उभा दिसतो. हे तीन मुद्दे (पट्टी, शेपटी, उभं राहणं) अंधारातसुद्धा दिसतात, रंग दिसो न दिसो. आणखी एक गोंधळ नेहमी होतो. "घराजवळ नवरंग दिसला" म्हणून मला जे फोटो येतात त्यांतले निम्मे तरी खंड्याचे असतात. तारेवर, विहिरीच्या काठावर, उघड्यावर बसलेला, लांब लाल चोचीचा निळा पक्षी खंड्याच. नवरंग तारेवर बसत नाही.

भाच्याचा चेहरा पडला होता. त्याला म्हटलं, कस्तूर इतक्या जवळून बघायला मिळणं ही साधी गोष्ट नाही, वहीत लिही. त्याने लिहिलं, पण मोठ्या अक्षरात नाही.

दुपारी पिठलं-भाकरी खाऊन झाडाखाली पडलो. चारनंतर ढग आले, वारा सुटला, आणि पाच थेंब पडून पाऊस निघून गेला. त्यानंतरचं वातावरण नवरंगाला हवं तसं. सहाच्या पुढे आम्ही पुन्हा नाल्याच्या तोंडाशी बसलो. आधी पावशा एकेक पट्टी चढवत ओरडला. मग सुभगची लांबलेली शीळ आली, ती ऐकून भाचा उठायला लागला. मी त्याला बसवलं. सुभगची शीळ ताणलेली असते आणि झाडाच्या शेंड्याकडून येते. नवरंगाची आखूड, दोन तुकड्यांची आणि जोरकस. पहिला तुकडा वर जातो, दुसरा खाली येतो, "व्हीट-ट्यू". मग गप्प. मग पुन्हा तेवढंच.

सूर्य डोंगराआड गेला आणि दरीच्या खालच्या अंगाने ती आली. "व्हीट-ट्यू." भाच्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. लांब पलीकडून दुसऱ्याने उत्तर दिलं. अंधार पडेपर्यंत दोघं आळीपाळीने बोलत होते आणि आम्ही जागेवरून हललो नाही.

ही शीळ ओळखायला सोपी असण्यामागे एक कारण आहे. बुलबुल, दयाळ हे पक्षी आपलं गाणं मोठ्यांचं ऐकून शिकतात, त्यामुळे त्यात हरकती येतात, फरक पडतात. नवरंगाचं कूळ निराळं. त्याची शीळ शिकलेली नसते, जन्माबरोबर आलेली असते. एकदा कानात बसली की पुढच्या वर्षी, दुसऱ्या जंगलातही फसगत होत नाही.

(जाणाऱ्यांसाठी : शीळ ऐकायची खरी वेळ म्हणजे उजाडायच्या आधीपासून साधारण तासभर आणि मावळतीनंतर काळोख होईपर्यंत. ढगाळ दिवशी तो दुपारीही बोलतो. आठ बाय बेचाळीसची दुर्बीण पुरते, तिच्यात उजेड चांगला येतो. कपडे मातकट किंवा हिरवे. पायात बूट हवेतच, पाल्यात फुरसं असू शकतं. अंधार पडताना नाल्यातून बाहेर यायचं म्हणून टॉर्च विसरू नये.)

रात्री त्र्यंबकला मुक्काम. आधी सांगून ठेवलेली खोली दुसऱ्यांना देऊन टाकली होती. शनिवार-रविवारी त्र्यंबकला हे होतं. कुशावर्ताजवळच्या एका घरगुती जागेत दोन गाद्या मिळाल्या, तेवढं पुरे होतं.

रविवार : हरसूलकडे

पहाटे पाऊस आला तो पत्र्यावर ताशा वाजवतच. ब्रह्मगिरी पूर्ण ढगात गेला होता. दर्शनाची रांग भिजत उभी होती. आम्ही आठला निघालो आणि आंबोलीमार्गे हरसूलचा रस्ता धरला. घाट उतरू लागलं की हवा बदलते. त्र्यंबकपर्यंतचं पाणी गोदावरीचं, इथून पुढचं बरंचसं दमणगंगेकडे, म्हणजे पश्चिमेला समुद्राकडे जाणारं. पावसाचं प्रमाण वाढतं, साग, ऐन, धावडा, बांबू दिसू लागतात.

हरसूलपासून आत एका पाड्यावर माझ्या जुन्या विद्यार्थिनीचं माहेर आहे. पाड्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही; विणीच्या दिवसांत तिथे गाड्यांची रांग लागू नये एवढीच इच्छा. तिचे आई-वडील आम्हाला घ्यायला रस्त्यापर्यंत आले होते. बाबांनी डोक्यावर इरलं घेतलं होतं. हल्ली सगळीकडे प्लास्टिकचे कागद दिसतात, इरलं कितीतरी दिवसांनी पाहिलं.

आजी ओट्यावर शेवळं साफ करत बसल्या होत्या. पहिल्या पावसात जमिनीतून नुसता कोंब वर येतो, ते शेवळं. वरचं तपकिरी आवरण उलगडायचं, आतला पिवळा भाग काढून टाकायचा, कारण तोच घशाला खाजतो, आणि उरलेलं बारीक चिरायचं. शेजारी टोपलीत काकडं होती, हिरवी, आवळ्याएवढी, आंबट. त्यांच्याशिवाय शेवळाची भाजी शिजवायची नाही, हा इथला नियम. भाचा हात लावायला गेला तर आजींनी त्याच्या हातावर हलकी चापट मारली. "खाजंल तुला. तू नुसता खा." तासाभराने नागलीची भाकरी, शेवळाची भाजी, काळ्या उडदाची घट्ट आमटी आणि ठेचा पुढे आला. नंतर रायवळ आंबे, बादलीत भिजवलेले, हाताने माचून चोखायचे. भाच्याने बाठ्यांचा ढीग लावला. पुण्यात तो आंबा फोडी करून काट्याने खातो.

जेवताना बाबांशी राबाचा विषय निघाला. नागली-भाताच्या रोपांसाठी जमिनीवर शेण, फांद्या, पाला पसरून भाजतात, तो राब. त्यासाठी डोंगरातला पाला गोळा होतो. मला नेहमी काळजी वाटायची की पाला असा उचलला गेला तर नवरंगाने खायचं काय? त्याचं सगळं आयुष्य पाल्यात आहे. गांडुळं, किडे, अळ्या त्या पाल्याखालीच, आणि घरटंही पाल्याचंच. मी हे विचारलं तर बाबा हसले.

"बाई, ओहळातला पाला ओला. भाजायला काय कामाचा? आम्ही वरल्या अंगाचा कोरडा पाला आणतो. खालचा तसाच राहतो, कुजतो. तुमचं पाखरू तिथंच राहतंय ना?"

तिथंच राहतं. खरा धोका वणव्याचा, असं बाबा म्हणाले. मार्च-एप्रिलमध्ये कुणी गवताला काडी लावली की आग ओहळापर्यंत येते आणि मग पुढच्या पावसात तिथे काहीच राहत नाही. पाड्यावरची पोरं आता आग पुढे सरकू नये म्हणून जाळपट्ट्या काढतात, आग दिसली की हिरव्या फांद्या घेऊन धावतात. एका वर्षी ओहळाची एक बाजू जळाली होती. बाबांनी हाताने दाखवलं, "त्या साली तिकडून शीळ नाही आली. इकडून आली." तेव्हापासून ते दरवर्षी लक्ष ठेवून असतात. मला हे ऐकून फार बरं वाटलं. शहरातून आलेल्या पक्षिमित्रांइतकंच, किंबहुना जास्तच, या माणसाला त्या पक्ष्याचं ठाऊक आहे, आणि त्याच्या नोंदी वहीत नसल्या तरी पक्क्या आहेत.

संध्याकाळी पाऊस थांबल्यावर बाबांनी आम्हाला ओहळावर नेलं. चालायचं नाही, बसायचं, हा त्यांचा हुकूम. बांबूच्या बेटाला पाठ लावून बसलो. शिळा आजूबाजूला दोन-तीन ठिकाणांहून येत होत्या. नवरंग बोलताना बरेचदा जमिनीवर नसतो. झाडाच्या फांदीवर बसून, मान मागे टाकून शीळ घालतो. त्यामुळे आवाज ऐकून जमिनीवर शोधणारा माणूस तासनतास बघत राहतो. भाच्याला हे सांगत होते तेवढ्यात समोरच्या उंबरावरून काहीतरी खाली झेपावलं आणि ओहळ ओलांडून पलीकडे गेलं. दोन सेकंदांचा मामला. काळे पंख, आणि त्या काळ्यावर लख्ख पांढरा ठिपका, दोन्ही पंखांवर.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"पांढरं. पंखात पांढरं." थोडं थांबून, "बाकी काहीच नाही दिसलं."

तेवढं पुरेसं होतं. उडताना काळ्या पंखांवर उमटणारा तो पांढरा ठिपका ही नवरंगाची पक्की खूण. पंख मिटले की दिसेनासा होतो. त्या आकाराचा, बुटक्या शेपटीचा, जंगलाच्या तळाजवळून उडणारा आणि पंखांत पांढरा असलेला दुसरा पक्षी इथे नाही. भाच्याने वहीत लिहिलं, या वेळी मोठ्या अक्षरात.

रात्री वीज नव्हती. ओट्यावर बसून त्याने आजीला नवरंगाचा फोटो फोनवर दाखवला. आजी म्हणाल्या, हा तर मागच्या आवाठात येतो, गांडुळं उपसतो. भाच्याने त्यांना सांगितलं की लिनियस नावाच्या शास्त्रज्ञाने १७६६ मध्ये या पक्ष्याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा कावळ्याच्या गणात घातलं होतं. आजींना ते मुळीच पटलं नाही. "कावळा कुठं न् हे कुठं! त्यानं पाहिला नसंल." लिनियस भारतात कधी आलाच नव्हता, तेव्हा आजींचं म्हणणं बरोबरच होतं.

सोमवार : ओहोळ आणि परतीचा रस्ता

पहाटे पाचला उठलो. आकाश ढगाळ, पाऊस नाही. कोंबडा आरवायच्या आधी पहिली शीळ आली. ओहळावर कालच्याच जागी बसलो. डास होते, पण हात हलवायचा नाही असं ठरलं होतं. उजाडताना पानं आधी काळी, मग राखाडी, मग हळूहळू हिरवी झाली.

तो डावीकडून आला. आधी पान उडालेलं दिसलं. सागाचं मोठं वाळकं पान एका बाजूला फेकलं गेलं आणि त्यामागे तो उभा होता, आमच्यापासून पाच-सहा पावलांवर. साळुंकीहून लहान, गुबगुबीत, लांब गुलाबीसर पायांवर ताठ. दोन उड्या, थांबणं, मान तिरकी, चोच पाल्यात खुपसून झटक्यात पान बाजूला. थांबला की बुटकी शेपटी सावकाश वरखाली. पाल्याखालून गांडूळ निघालं, लांबलचक. त्याने ते एका टोकाने धरून ओढलं, ते तुटलं नाही, मग दोन्ही पाय रोवून मागे रेलला आणि सपकन ओढून काढलं. जमिनीवर दोनदा आपटलं आणि गिळलं. गिळताना मान वर झाली तेव्हा पांढरा गळा दिसला, आणि आडवी काळी पट्टी, आणि तिच्यावरची भुवई.

तोवर रंग जवळजवळ नव्हतेच. मग पूर्वेकडून ढग जरा फाटला आणि फांद्यांमधून उजेडाचा एक तुकडा पाल्यावर पडला. नवरंग उड्या मारत त्या तुकड्यात आला. खांद्यावरचा निळा डाग पेटला. पाठीच्या हिरव्याला तेलासारखी झाक आली. त्याने आमच्याकडे पाठ करून मान खाली घातली, शेपटी वर झाली, आणि खालचा लाल रंग पूर्ण दिसला. शेजारी भाचा श्वास रोखून बसला होता. दुर्बीण त्याने डोळ्याला लावलीच नव्हती, लावायची गरजही नव्हती.

तो उजेडातून बाहेर गेला तसा पुन्हा पाल्याच्या रंगाचा झाला. थोड्या वेळाने दुसरा पक्षी दिसला, चोचीत वाळकं पान आडवं धरून उताराकडे उड्या मारत जाणारा. मी भाच्याला खूण केली आणि आम्ही तिथून उठलो. पान घेऊन निघालेला पक्षी घरटं बांधत असतो. नवरंगाचं घरटं म्हणजे पानं, काड्या, मुळं यांचा मोठा गोळा, बाजूला तोंड असलेला, जमिनीवर किंवा झुडपाच्या खालच्या फांद्यांत. लांबून पाल्याचा ढीगच वाटतो, त्यामुळे पायाखाली यायचीही भीती. अंडी चार-पाच, चकचकीत पांढरी, त्यावर जांभळट ठिपके.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. फोनवर नवरंगाची शीळ वाजवून त्याला बोलावणं अलीकडे फार वाढलंय. दुसरा नर आपल्या हद्दीत शिरला असं समजून तो खाणं सोडून धावत येतो, पुन्हा पुन्हा येतो. फोटो मिळतो, पण त्याच्या विणीच्या मोजक्या दिवसांतली सकाळ आपण खर्च करून टाकतो. तो न बोलावताही येतो. एका जागी पाऊण तास हलू नका, एवढीच अट. घरट्याचे फोटो तर नकोतच, आणि जागा समाजमाध्यमांवर टाकू नये.

घरी आल्यावर आजींनी गुळाचा चहा दिला. निघताना आंब्यांची पिशवी आणि नागलीचं पीठ हातात ठेवलं. पैशांचा विषय काढला तर बाबा रागावले. राहण्याचे पैसे शेवटी लेकीच्या खात्यावर पाठवले. पाड्यावर राहणाऱ्यांनी हे आधीच बोलून घ्यावं. इकडची माणसं स्वतःहून मागत नाहीत, म्हणून पाहुण्याने फुकट राहायचं नसतं.

परतताना त्र्यंबकचा रस्ता टाळून पेठमार्गे आलो. सावळघाटात धुकं इतकं की गाडीचे दिवे लावावे लागले. घाट चढून वर आलो की लगेच कोरडं ऊन, पेरणीसाठी नांगरून ठेवलेली शेतं. एका तासात दोन ऋतू.

नाशिकच्या अलीकडे बोरगडला थांबलो. मुद्दाम, कारण भाच्याला ते दाखवायचं होतं. हा डोंगर एके काळी बोडका होता. नाशिकच्या नेचर कन्झर्व्हेशन सोसायटीने, वनखात्याने आणि पायथ्याच्या गावकऱ्यांनी वर्षानुवर्षं झाडं लावली, चराई आणि तोड थांबवली, आणि २००८ मध्ये बोरगड महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झालं. जेमतेम साडेतीनशे हेक्टर, पण नाशिक शहराच्या इतक्या जवळ असा डोंगर परत हिरवा झालेला बघून मला दरवेळी उमेद येते. आत जायला वनखात्याची परवानगी लागते, ती आधी काढून ठेवावी.

आम्ही गेलो तेव्हा साडेपाच वाजले होते. झाडी अजून हरसूलसारखी दाट नाही, पण ओहळाकाठी पाला साठला आहे. वनरक्षकांशी बोलत उभे होतो. भाचा जरा पुढे गेला होता. तिथूनच ओरडला, "मावशी, ऐकलंस?"

मी ऐकलं नव्हतं. वनरक्षकांनीही नाही. आम्ही तिघं गप्प उभे राहिलो. दोन मिनिटांनी पुन्हा आली, लांबून, डोंगराच्या पोटातून : व्हीट-ट्यू. वनरक्षक म्हणाले, यंदाची त्यांनी ऐकलेली ही पहिलीच. भाच्याने तारीख आणि वेळ त्यांच्याच डायरीत लिहून दिली.

जाण्याचा विचार असेल तर जूनचा पहिला पंधरवडा ते जुलै उत्तम. पाऊस जोरात लागला की ओहोळ दुथडी वाहतात, तेव्हा नाल्यात उतरू नये. नाशिकहून त्र्यंबक, हरसूल, पेठ तिन्हीकडे एसटी आहे, पण पहाटे ओहळावर पोचायचं तर मुक्काम तिथेच हवा. हरसूलच्या पुढे मोबाईलला रेंज येते-जाते, पेट्रोल आधी भरून घ्यावं.

आणि मे अखेरीस किंवा ऑक्टोबरच्या आसपास नाशिक शहरात, गच्चीत, जिन्यात, काचेखाली पडलेला असा रंगीत बुटका पक्षी सापडला, तर तो प्रवासातला नवरंग असण्याची शक्यता मोठी. हे पक्षी रात्री उडतात, थकतात, काचेवर आपटतात. त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात, शांत जागी ठेवावं. चोचीत पाणी ओतू नये, पोळीचे तुकडे भरवू नयेत, फोटोसाठी हातात धरून ठेवू नये. वनखात्याच्या १९२६ क्रमांकावर फोन करावा. नुसता दमलेला असेल तर बरेचदा काही तासांत सावरतो. संध्याकाळी खोकं झाडीजवळ उघडलं की आपला आपण निघून जातो.